समुद्राचं बिऱ्हाड

पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं आणि पॅकर्सचा माणूस वही घेऊन आमच्या ठाण्याच्या घरात फिरला. कपाटं तीन, फ्रिज एक, वॉशिंग मशीन एक, पुस्तकांचे खोके अंदाजे बावीस. हॉलच्या कोपऱ्यात थांबून त्याने काचेवर टिचकी मारली, मासे दचकले, आणि त्याने लिहिलं: 'फिशटँक, नग १'. त्या एका नगात दीडशे-पावणेदोनशे लिटर खारं पाणी, चौदा-पंधरा किलो दगड, दोन विदूषक मासे, एक गोबी, एक लाल-पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी, दहा-बारा शंख आणि पाच-सहा ठिकाणी पसरलेली मऊ प्रवाळं होती. शिवाय दगडांच्या छिद्राछिद्रांत बसलेली जिवाणूंची वस्ती होती, ती कुठल्याच वहीत येत नाही. ती मेली की बाकीचं सगळं दोन दिवसांत मरतं.

समुद्री टाकी मांडणं आणि हलवणं या दोन कृती एकमेकींना चिकटलेल्या आहेत. मांडताना जे समजून घेतलं नाही ते हलवताना नडतं. याआधी एकदा ठाण्यातल्या ठाण्यात घर बदललं, तेव्हा मला ते नडलं होतं. ते पुढे येईलच. आधी मांडणी.

जागा

पहिल्यांदा करणाऱ्याने तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्यावी. लहान टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात चूक पचत नाही. वीस लिटरमध्ये एक शंख मेला तरी पाणी नासतं, दोनशे लिटरमध्ये तो कुणाच्या लक्षातही येत नाही. या मापात १९० लिटर मावतात. पाणी, दहा मिलिमीटरची काच, दगड, वाळू आणि खालचं स्टँड धरून वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास जातं, आणि ते सगळं साडेचार चौरस फुटांवर उभं असतं. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार धरून आखलेला असतो. तो सगळ्या खोलीवर पसरलेला भार असतो, त्यामुळे एका टाकीने घर कोसळत नाही. तरी टाकी तुळईच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवा. खोलीच्या मधोमध नको आणि पुढे काढलेल्या गॅलरीत तर मुळीच नको. जुनी इमारत असेल किंवा टाकी चार फुटांपुढची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायला लाजू नका.

खिडकीचं थेट ऊन टाकीवर पडू नये. शेवाळ वाढतं आणि एप्रिलमध्ये पाणी तापतं. प्लग टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा, आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. बोर्डावर ईएलसीबी नसेल तर टाकीच्या आधी तो बसवून घ्या. खारं पाणी विजेला फार चांगलं वाहून नेतं आणि आपण रोज त्यात कोपरापर्यंत हात घालणार असतो.

स्टँड स्पिरिट लेव्हल लावून समतल करा, वर फोमची शीट टाका, मग टाकी. खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, म्हणजे संप. वरून पाणी पाइपने संपमध्ये उतरतं, तिथे स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) आणि हीटर असतात, आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. पाइप यूपीव्हीसीचे घ्या, पितळेची तोटी किंवा तांब्याचं काहीही नको. तांबं कोळंबी, शंख आणि प्रवाळांना विष आहे. माशांच्या औषधातही ते असतं, म्हणून आजारी माशाचा इलाज नेहमी वेगळ्या डब्यात करायचा.

आता साधं नळाचं पाणी भरून दोन दिवस ठेवा. गळती दिसली तर आत्ताच दिसू दे. पंप चालू असताना मुद्दाम वीज बंद करा. वरचं पाणी पाइपातून उलटं संपमध्ये येईल. संप भरून वाहिला तर त्यात पाणी जास्त आहे. वीज गेल्यावरही संपमध्ये चार बोटं जागा उरेल, तिथे कायमची खूण करून ठेवा. ही चाचणी न करणारे लोक ती रात्री दोन वाजता करतात, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या साक्षीने.

पाणी

"मुंबईत राहून समुद्राचं पाणी विकत?" हा प्रश्न मला आईने पहिल्याच दिवशी विचारला. प्रश्न रास्त होता. पण आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ आहे, आणि पावसाळ्यात खाड्यांमधून एवढं गोडं पाणी उतरतं की खारटपणाही जागेवर राहत नाही. समुद्र घरीच कालवायचा.

त्यासाठी आधी पाण्यातलं सगळं काढून टाकावं लागतं. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन अशी जोडणी घ्या, टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. स्वयंपाकघरातला प्यूरिफायर चालत नाही. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, किंवा खनिजं घातलेली असतात. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या सोसायटीत रेझिन लवकर संपतं, तो खर्च धरून चाला.

मीठ म्हणजे मिठागरातलं मीठ नव्हे. रीफ सॉल्ट म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट सगळं मापात असतं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला साडेसात किलोच्या आसपास. नेहमी पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. मिठावर पाणी ओतलं की थोड्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दाटीने भेटतात, एकमेकांना धरतात आणि पांढरा चुना होऊन तळाला बसतात. तो परत विरघळत नाही. ड्रममध्ये पंप फिरता ठेवून एक दिवस जाऊ द्या.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवा. नुसत्या गोड्या पाण्याने शून्य जुळवलं तर वरच्या टोकाला चुकतो. काटा हजारी ३५ वर, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ असावं. तापमान २५ ते २६ अंश.

पुढे रोज टाकीतून लिटर-दोन लिटर पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. नवखे लोक हे उलट करतात आणि महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होतो. एक तरंगता स्विच आणि छोटा पंप असं ऑटो टॉप-ऑफ स्किमरच्याही आधी घ्या, असं माझं मत आहे. दुकानदाराला ते पटणार नाही.

दगड

१९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी एका मत्स्यपालनाच्या मासिकात लेख लिहिला. त्यांच्या समुद्री टाकीत मोठी गाळणी नव्हती. होते ते समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड आणि हवेचे बुडबुडे. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमर आणि तेज दिव्यांची जोड दिली. आजच्या बहुतेक घरगुती प्रवाळ टाक्या त्याच वाटेने चालतात.

माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. अमोनिया थोडाही जीवघेणा, नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून भोकाभोकांचा दगड हवा. टाकीतलं पाणी कितीही जुनं आणि 'मुरलेलं' असलं तरी त्यात जवळजवळ काही नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, हलवताना लागेल.

समुद्रातून दगड उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीही आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करून येताना 'आठवण' म्हणून खिशात घातलेला पांढरा तुकडासुद्धा गुन्ह्यात मोडतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. माझे दगड सिरॅमिकचे आणि सिमेंटचे, हातांनी बनवलेले, कोरडे आले होते. कोरड्या दगडाने वेळ थोडा जास्त लागतो, पण नको असलेला खेकडा आणि अळ्या त्याच्याबरोबर येत नाहीत.

दगड वाळूवर रचू नका, तळाच्या काचेवरच टेकवा. काही मासे आणि कोळंब्या खाली उकरतात आणि डोलारा काचेवर येतो. इपॉक्सी पुटीने दोन-तीन दगड एकत्र जोडून तुकडे करा. माझी जोडणी तीन तुकड्यांत आहे, प्रत्येक तुकडा झाकणाच्या बादलीत मावेल एवढाच. रचताना हे सुचलं ते दैवाने, पण पुण्याला येताना या एका गोष्टीने दोन तास वाचले. मग वाळू: ॲरागोनाइटची, धुतलेली, एक इंच. सुंदर दिसते म्हणून चार इंच घालू नका.

पाण्याला फिरवायला वेव्हमेकर लावा. या टाकीला ताशी चार-पाच हजार लिटर ढकलणारा पुरे. प्रवाळ चालत जाऊन खात नाही, त्याला पाण्यानेच सगळं आणून द्यावं लागतं.

महिना काहीच न करण्याचा

आता जिवाणूंना खाऊ द्यायचा. सोपा मार्ग म्हणजे बाजारातून आणलेली एक कोलंबी सोलून टाकीत टाकणं. ती कुजते, अमोनिया निघतो, घरभर वास सुटतो. मी दुसरा मार्ग घेतो. कल्हईवाले जो नवसागर वापरतात तो म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारातल्या नवसागरात काय काय असेल सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. २०० लिटरला सव्वा ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. त्याबरोबर बाटलीतले तयार जिवाणू ओता. दिवे बंद ठेवा.

दर दोन दिवसांनी चाचणी करा. अमोनिया आधी हलणार नाही, मग उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. चार ते सहा आठवडे लागतात. टाकलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला की टाकी तयार. मग दिवे लागले की काचेवर तपकिरी साय धरेल, दगड शेवाळून हिरवे होतील, पाहुणे "असंच असतं का हे?" विचारतील. हो, असंच असतं. पुढचे दोन-तीन महिने टाकी कुरूपच दिसते. त्यावर औषध टाकू नका. पाणी बदला, शंख सोडा, आणि दिवे आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

माझ्या आईने याच काळात हिशेब केला होता. "अरे, एवढ्या पैशात वर्षभर पापलेट आलं असतं." मी तिला खोडून काढू शकलो नाही.

कोणाला घ्यायचं

पहिल्यांदा दोन ऑसेलारिस विदूषक मासे, तेही हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलं आहे, आणि आपल्या ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा गोळी-अन्न खायला शिकलेला असतो, समुद्रातून धरलेला कित्येकदा उपाशी मरतो. दोन्ही पिल्लं लहान घ्या. त्यांतलं दांडगं मादी होतं, दुसरं नर राहतं, आणि भांडण मिटतं. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरतेच.

तीन फुटांच्या टाकीत टँग घालू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. तो दिवसभर मैलोगणती पोहणारा मासा आहे. मँडरिनही नको. त्याला दगडावरचे सूक्ष्म जीव दिवसभर टिपायला लागतात आणि नव्या टाकीत ते नसतात.

प्रवाळांत मऊ जातींपासून सुरुवात करा: मशरूम, लेदर, झोआ. विक्रेत्याकडे बिल मागा आणि माल कुठून आला ते विचारा. उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याकडून घेऊ नका. मऊ प्रवाळांना अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, नायट्रेट ५ ते १०, एवढ्यात बरं चालतं. नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, उपाशी प्रवाळ पांढरं पडतं.

झोआ आणि पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. असा दगड उकळून 'स्वच्छ' करायचा प्रयत्न कधीही करू नका, वाफेतून घरातली माणसं हॉस्पिटलात जातात.

हलवायचं ठरलं

पहिल्या वेळी मी काय केलं ते आधी सांगतो. मला वाटलं, जुनं पाणी आणि जुनी वाळू म्हणजे टाकीचा जीव. सगळं पाणी ड्रममध्ये भरलं, वाळू बादल्यांत, आणि दगड? ते ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोत. घर अवघं तीन किलोमीटरवर होतं. टेम्पो यायलाच चार तास लागले. दगडावरचे स्पंज हवेत मेले. जुनी वाळू पुन्हा घातली तेव्हा दोन वर्षांचा दाबलेला गाळ उसळला, खालच्या काळ्या थरातून कुजक्या अंड्याचा वास आला. तो हायड्रोजन सल्फाइड. दुसऱ्या दिवशी अमोनियाची चाचणी गर्द हिरवी, तिसऱ्या दिवशी चारपैकी तीन मासे गेले. मी जे जपायचं ते वाळवलं आणि जे फेकायचं ते जपलं.

म्हणून ठाण्याहून पुण्याला निघताना क्रम उलटा धरला. दगड कायम पाण्याखाली. वाळू सगळी बाद. जुनं पाणी अर्धं, तेही फक्त दगड बुडवायला आणि माशांना बदल कमी जाणवावा म्हणून.

दोन आठवडे आधी नवं काही आणणं थांबवा. एकेका आठवड्याने दोनदा पाणी बदला. दोन्ही सोसायट्यांना पत्र द्या. सामान चढवायची वेळ, लिफ्टची परवानगी, शिफ्टिंगचे पैसे, सगळं आधी मिटवा. दाराशी मासे घेऊन उभं असताना वॉचमनशी वाद घालायचा नसतो. लिफ्टच्या दाराचं माप घ्या. माझी टाकी आडवी मावली नाही, जिन्याने सहा मजले उतरली.

दोन दिवस आधी नव्या घरी जाऊन शंभर-सव्वाशे लिटर खारं पाणी कालवून पंपावर ठेवा, जुन्या टाकीच्या खारटपणाशी अगदी जुळवून. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची रीत आहे आणि आरओ तर थेंबाथेंबाने भरतो, तेव्हा शुक्रवारी पोहोचणार असाल तर मंगळवारीच सुरुवात करा. नवी वाळू धुऊन ठेवा. माशांना शेवटचा घास निघण्याच्या दीड-दोन दिवस आधी. उपाशी मासा पाणी घाण करत नाही.

सामान साधं आहे. अन्नासाठी वापरतात तसे झाकणाचे ड्रम दोन, झाकणाच्या बादल्या पाच-सहा, थर्मोकोलचे खोके तीन (मासळी बाजारातले नकोत, नवे घ्या), बॅटरीवर चालणारे हवेचे पंप तीन, जास्तीच्या बॅटऱ्या, अमोनिया बांधणारं औषध, जाड नळी आणि घरातले सगळे जुने टॉवेल. पडद्यांपर्यंत वेळ येऊ शकते.

त्या दिवशी

हीटर सगळ्यात आधी बंद करा आणि अर्धा तास थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. मग पंप बंद. काहीही न हलवता, वरचं निवळ पाणी नळीने ड्रममध्ये ओढा. एकदा दगड हलले की पाणी गढूळ, म्हणून चांगलं पाणी आधी.

सुट्टी प्रवाळं एकेका डब्यात, एकमेकांना चिकटू न देता. लेदर पाण्याबाहेर काढताना मिटून आंबट तोंड करतं, घाबरू नका. मग दगडांचे तुकडे बादल्यांत, वर बोटभर पाणी येईल एवढे बुडवून. या बादल्यांत मासा टाकू नका. घाटात गाडी वळली की दगड सरकतो आणि मासा चेंगरतो.

मासे शेवटी. पाणी चार इंचांवर आलं की त्यांना लपायला जागा उरत नाही, प्लास्टिकच्या डब्याने उचला. जाळीत विदूषक माशाच्या गालावरचे काटे अडकतात. दगड काढण्याआधी मासा पकडायचा प्रयत्न मी एकदा पाऊण तास केला आहे, मासा अजून मला हसतो.

चार-पाच तासांच्या प्रवासाला बंद पिशवीपेक्षा बादली आणि हवेचा पंप बरा. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, तोवर अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणून लांबून कुरिअरने आलेल्या पिशवीतल्या माशाला तासभर थेंब थेंब पाणी देत बसू नका, तापमान आणि खारटपणा जुळवून लवकर बाहेर काढा.

वाळू पिशव्यांत भरून कचऱ्यात. टाकीत तळाला वाळू किंवा पाणी ठेवून ती उचलू नका, सिलिकॉनचे सांधे त्या ताणासाठी नसतात. चौघांनी खालून हात देऊन उचलायची, वरच्या कडेला धरून नाही. टेम्पोत ती आपल्या तळावर, थर्मोकोलच्या शीटवर उभी राहते, आत उशा भरा, वर काहीही ठेवू नका. पॅकर्सची पोरं त्यात चपला आणि खेळणी भरायला निघाली होती.

मासे, प्रवाळं आणि दगडांच्या बादल्या टेम्पोत गेल्या नाहीत, माझ्या गाडीत एसी लावून गेल्या. पहाटे पाचला निघालो. शनिवारी सकाळी बोरघाटात अडकायचं नव्हतं. खालापूरच्या फूड मॉलवर थांबून मी वडा आणि माशांनी हवेची नवी बॅटरी घेतली.

नव्या घरी

स्टँड, लेव्हल, फोम, टाकी, पाइप. मग दगड, मग आणलेलं जुनं पाणी, मग तयार ठेवलेलं नवं. पंप आणि हीटर चालू. वाळू आज नको, पाणी निवळल्यावर दुसऱ्या दिवशी पाइपातून हळू तळाशी सोडा. तापमान आणि खारटपणा जुळला की आधी प्रवाळं, अर्ध्या तासाने मासे. बाटलीतले जिवाणू टाका. स्किमर पहिले दोन दिवस वेड्यासारखा फेसाळतो, त्याचा कप पूर्ण वर ओढून ठेवा.

दिवे आठवडाभर निम्म्या जोरावर. प्रवाळाच्या अंगातली एकपेशीय शेवाळं उजेडावर जगतात, पण प्रवासाने थकलेलं प्रवाळ पूर्ण उजेडात भाजतं. खाणं पहिले दोन दिवस नाही, मग चिमूटभर. अमोनिया सात दिवस रोज तपासा, आणि चाळीस लिटर खारं पाणी तयार कालवून ठेवा. तिसऱ्या दिवशी मला हलकी हिरवी छटा दिसली, तेच पाणी कामाला आलं. एक मशरूम सुटून वेव्हमेकरच्या जाळीत अडकलं, तेवढंच नुकसान.

गाव बदललं की यंत्रंही बदलतात. ठाण्यात माझा हीटर कपाटात पडून असायचा. पुण्याच्या जानेवारीच्या रात्री तो लागतो. उलट, ठाण्याच्या दमट मे महिन्यात पाण्यावर फुंकणारा पंखा फारसं काही करायचा नाही, चिलर घ्यावा लागला होता. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच पंखा दोन अंश सहज उतरवतो. मात्र पाणी भसाभस उडतं, टॉप-ऑफची बादली रोज बघा.

रिकामे ड्रम लगेच घरात घ्या. मी ते दोन दिवस पॅसेजमध्ये ठेवले होते, आणि नव्या सोसायटीच्या सचिवांचं आम्हाला आलेलं पहिलं पत्र त्यांच्याबद्दलच होतं.